न्यायालयात बोलते कोण? : न्यूयॉर्कमधील व्यापारी वकिलांच्या संघटनेच्या अहवालांचे मूल्यमापन

प्रास्ताविक

वकिलांची संघटना म्हटली की आपल्यासमोर काही ठराविक कामे येतात. सभासदांचे हितरक्षण, ग्रंथालय व बैठकीच्या जागेची व्यवस्था, कल्याण निधी, पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका आणि प्रसंगी कामकाजावरील बहिष्कार. न्यायव्यवस्थेची रचना कशी असावी याबद्दल अभ्यासपूर्ण अहवाल तयार करणे, त्याचा पाठपुरावा करून नवे न्यायालय उभे करून घेणे आणि पुढे त्याच न्यायालयात आपल्याच व्यवसायाचे वर्तन मोजणे, हे काम वकिलांच्या संघटनेचे आहे अशी कल्पना सहसा केली जात नाही. न्यूयॉर्क राज्यातील व्यापारी दावे चालवणाऱ्या वकिलांच्या एका गटाने मात्र गेल्या तीन दशकांत हे काम केले आहे. या गटाच्या दोन प्रमुख अहवालांचे आणि त्यांच्या परिणामांचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय केवळ विधी शाखेच्या अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. एखादा सुस्थित व्यावसायिक वर्ग स्वतःच्या सोयीसाठी जी सुधारणा मागतो, तिचे सार्वजनिक हितात रूपांतर होते काय, आणि होत असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत, हा प्रश्न समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि वाणिज्य या सर्वच विद्याशाखांना विचारात घ्यावा लागतो. भारतात २०१५ पासून वाणिज्यिक न्यायालयांचा स्वतंत्र कायदा अमलात असल्यामुळे या प्रश्नाला आपल्याकडेही महत्त्व प्राप्त झाले आहे.

संघटनेचे स्वरूप

न्यूयॉर्क स्टेट बार असोसिएशन ही १८७६ मध्ये स्थापन झालेली ऐच्छिक सदस्यत्वाची संघटना आहे. तिच्या विषयवार शाखा आहेत. त्यांपैकी ‘कमर्शियल अँड फेडरल लिटिगेशन सेक्शन’ ही शाखा १९८० च्या दशकाच्या अखेरीस अस्तित्वात आली. रॉबर्ट हेग हे तिचे संस्थापक अध्यक्ष. कंपन्यांमधील करारभंग, भागीदारीतील तंटे, बँका व विमा कंपन्यांचे वाद अशा प्रकारचे दावे राज्याच्या व संघराज्याच्या न्यायालयांत चालवणारे वकील या शाखेचे सभासद असतात.

ही शाखा स्थापन झाली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये एक विचित्र परिस्थिती होती. जगाच्या वित्तव्यवहारांचे प्रमुख केंद्र असलेल्या या शहरातील व्यापारी स्वतःच्या राज्याच्या न्यायालयात जाण्यास नाखूश होते. तेथे ‘सुप्रीम कोर्ट’ हे नाव सर्वोच्च न्यायालयाचे नसून सर्वसाधारण मूळ अधिकारितेच्या न्यायालयाचे आहे. सर्वोच्च स्थान ‘कोर्ट ऑफ अपील्स’चे आहे. या सुप्रीम कोर्टात अपघाताच्या भरपाईचे दावे, घटस्फोट, महापालिकेविरुद्धचे दावे आणि कोट्यवधी डॉलरचे व्यापारी तंटे एकाच रांगेत उभे असत. साहजिकच ज्यांना शक्य होते ते व्यापारी संघराज्याच्या न्यायालयाकडे, डेलावेअर राज्याकडे किंवा खासगी लवादाकडे वळत होते. दावे बाहेर गेले की त्यांबरोबर वकिलांचा व्यवसायही बाहेर जाणार, हे उघड होते. तेव्हा सुधारणेच्या मागणीमागे व्यावसायिक हितसंबंध होता ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही.

पहिला अहवाल : वेगळ्या न्यायालयाची मागणी

१९९३ मध्ये न्यूयॉर्क काउंटीत, म्हणजे मॅनहटनमध्ये, काही न्यायाधीशांकडे केवळ व्यापारी दावे सोपवण्याचा प्रयोग सुरू झाला. शाखेच्या कृतिगटाने जानेवारी १९९५ मध्ये सादर केलेल्या अहवालात या प्रयोगाला राज्यव्यापी आणि कायम स्वरूप द्यावे अशी शिफारस केली. तत्कालीन मुख्य न्यायाधीश ज्युडिथ केय यांनी त्याच वर्षी न्यायाधीश व वकील यांचा संयुक्त कृतिगट नेमला आणि ६ नोव्हेंबर १९९५ रोजी सुप्रीम कोर्टाचा ‘कमर्शियल डिव्हिजन’, म्हणजे वाणिज्य विभाग, न्यूयॉर्क व मन्रो या दोन काउंट्यांत कार्यरत झाला. पुढे त्याचा विस्तार इतर काउंट्यांत झाला आणि २००६ मध्ये संपूर्ण राज्यासाठी एकसमान नियम लागू करण्यात आले.

शिफारस ते अंमलबजावणी हे अंतर दहा महिन्यांत कापले गेले, ही बाब आपल्याकडील अहवालांच्या नशिबाशी ताडून पाहिल्यास थक्क करणारी आहे. याचे एक कारण असे की प्रस्तावात नवी इमारत वा मोठा खर्च नव्हता. होती ती कामाची पुनर्वाटणी. दुसरे कारण म्हणजे ज्युडिथ केय या स्वतः व्यापारी दावे चालवणाऱ्या वकील राहिल्या होत्या. १९८३ मध्ये त्या कोर्ट ऑफ अपील्सवर नियुक्त झालेल्या पहिल्या महिला न्यायाधीश ठरल्या आणि १९९३ मध्ये मुख्य न्यायाधीश झाल्या. मागणी करणारे आणि मागणी मान्य करणारे एकच व्यावसायिक भाषा बोलत होते.

परिणाम मोजता येण्याजोगा होता. न्यूयॉर्क काउंटीत करारविषयक दावा निकाली निघण्यास १९९२ मध्ये सरासरी ६४८ दिवस लागत. १९९७ मध्ये हा कालावधी ४१२ दिवसांवर आला. एकच न्यायाधीश दाव्याच्या आरंभापासून अखेरपर्यंत लक्ष ठेवतो, सुरुवातीलाच वेळापत्रक ठरते आणि मध्यस्थीचा मार्ग खुला राहतो, या तीन गोष्टींचे हे फलित मानले जाते.

तथापि येथेच चिकित्सेला सुरुवात करावी लागते. सरासरी दिवसांचा आकडा दरवाजातून आत आलेल्या दाव्यांचे वर्णन करतो. दरवाजाबाहेर राहिलेल्यांबद्दल तो मौन पाळतो. वाणिज्य विभागात प्रवेशासाठी दाव्याच्या रकमेची किमान मर्यादा असते. न्यूयॉर्क काउंटीत ही मर्यादा २०१४ मध्ये दीड लाख डॉलरवरून पाच लाख डॉलरवर नेण्यात आली. अशा स्थितीत लहान दुकानदाराचा पुरवठादाराशी असलेला तंटा जुन्याच रांगेत राहतो. अनुभवी न्यायाधीश आणि सक्रिय व्यवस्थापन ही साधने मर्यादित असतील, तर ती एका रांगेला अधिक मिळाल्याने दुसरीचे काय झाले, हा प्रश्न संघटनेच्या मांडणीत केंद्रस्थानी आला नाही. न्यूयॉर्क शहरात घराबाहेर काढण्याच्या दाव्यांत अल्प उत्पन्न असलेल्या भाडेकरूंना वकील पुरवण्याचा कायदा होण्यास २०१७ साल उजाडावे लागले. तोवर बहुसंख्य भाडेकरू वकिलाविनाच न्यायाधीशासमोर उभे राहत. एकाच शहरातील न्यायदानाची ही दोन टोके एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय १९९५ च्या यशाचे वजन करता येणार नाही.

नियमांचा प्रवास : वरून खाली

वाणिज्य विभागाच्या समर्थकांचे याला एक उत्तर असते. ते म्हणतात की हा विभाग ही सुधारणेची प्रयोगशाळा आहे. तेथे सिद्ध झालेल्या पद्धती यथावकाश सर्व न्यायालयांना उपयोगी पडतील. हा युक्तिवाद तपासून पाहण्याची संधी अलीकडच्या काळाने दिली आहे.

२०१२ मध्ये मुख्य न्यायाधीश जोनाथन लिपमन यांनी एकविसाव्या शतकातील व्यापारी दाव्यांविषयी कृतिगट नेमला. निवृत्त मुख्य न्यायाधीश केय आणि नामवंत कंपनी-वकील मार्टिन लिप्टन हे त्याचे सहअध्यक्ष होते. त्याच्या शिफारशीनुसार २०१३ मध्ये स्थायी सल्लागार परिषद स्थापन झाली व तिचे अध्यक्षपद रॉबर्ट हेग यांच्याकडे आले. त्यानंतर नियमांत बरीच भर पडली. प्रतिपक्षाला विचारावयाच्या लेखी प्रश्नांची संख्या पंचवीसवर आणि सुनावणीपूर्व साक्षी दहावर मर्यादित करण्यात आल्या. प्रत्येक साक्षीला सात तासांची मर्यादा आली. कागदपत्रांच्या ओझ्याखाली प्रतिपक्षाला दमवण्याची जी प्रवृत्ती मोठ्या दाव्यांत आढळते, तिला आळा घालणारे हे नियम निश्चितच स्वागतार्ह होते.

फेब्रुवारी २०२१ पासून यांतील अनेक नियम राज्यातील सर्वसाधारण दिवाणी दाव्यांनाही लागू करण्यात आले. प्रयोगशाळेचा युक्तिवाद येथे कसोटीला लागला. साक्षींवरील मर्यादेसारखे काही नियम साध्या दाव्यांतही उपयुक्त होते. परंतु तातडीच्या निकालाच्या अर्जासोबत निर्विवाद तथ्यांचे मुद्देनिहाय स्वतंत्र निवेदन जोडण्याची सक्ती एकट्याने वकिली करणाऱ्यांना जाचक वाटणे स्वाभाविक होते. मोठ्या फर्ममध्ये असे निवेदन कनिष्ठांचा चमू तयार करतो. लहान कार्यालयात ते वकिलालाच रात्री जागून करावे लागते आणि त्याचा खर्च अखेर अशिलावर पडतो. २०२२ मध्ये ही सक्ती सैल करून न्यायालयाने सांगितल्यासच असे निवेदन द्यावे, अशी दुरुस्ती करण्यात आली.

यावरून असा निष्कर्ष निघतो की सुधारणा वरून खाली झिरपते खरी, परंतु ती ज्यांच्या मापाने शिवलेली असते त्यांचे माप सोबत घेऊन येते. कृतिगट आणि परिषदा ज्या वर्तुळातून भरल्या जातात ते वर्तुळ लहान असेल, तर नियमांच्या कल्पनेत गैरहजर असणाऱ्यांची अडचण अंमलबजावणीनंतरच लक्षात येते.

दुसरा अहवाल : स्वतःकडे वळलेली नजर

या पार्श्वभूमीवर शाखेचा २०१७ चा अहवाल वेगळा उठून दिसतो. ‘इफ नॉट नाऊ, व्हेन?’ या शीर्षकाचा हा अहवाल न्यायालयांत व लवाद-मध्यस्थीत महिला वकिलांना मिळणाऱ्या स्थानाविषयी आहे. त्यामागील प्रमुख व्यक्ती शिरा शाइंडलिन. न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यातील संघराज्य न्यायालयात १९९४ ते २०१६ या काळात त्यांनी न्यायाधीश म्हणून काम केले. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘द न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी आपल्या न्यायदालनात वारंवार दिसणारे दृश्य वर्णिले होते : ज्येष्ठ पुरुष वकील युक्तिवादाला उभे राहतात आणि न्यायाधीशांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र शेजारी बसलेल्या कनिष्ठ महिला सहकाऱ्याला विचारून देतात. प्रकरण जिला ठाऊक आहे तिने बोलू नये, हा त्यातील विरोधाभास होता.

अहवालाचे वैशिष्ट्य त्याच्या पद्धतीच्या साधेपणात आहे. २०१६ च्या अखेरच्या चार महिन्यांत राज्यातील न्यायाधीशांनी आपल्यासमोर आलेल्या प्रकरणांत कोण उभे राहिले आणि कोण मुख्यत्वे बोलले याची नोंद एका छोट्या प्रश्नावलीत केली. सुमारे २,८०० प्रश्नावल्या भरून आल्या. मते विचारण्याऐवजी प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टीची नोंद करणे, हे सामाजिक संशोधनातील मूलभूत तत्त्व येथे पाळले गेले. व्यवसायात समान संधी आहे काय, असा प्रश्न ज्येष्ठ वकिलांना विचारला असता तर उत्तर बहुधा होकारार्थी आले असते.

निष्कर्ष पुरेसे बोलके होते. न्यायालयांत उपस्थित वकिलांत महिलांचे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. विधी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांत स्त्रिया जवळपास निम्म्या असण्याच्या काळातील हा आकडा आहे. शासनाच्या वतीने उभ्या राहणाऱ्या मुख्य वकिलांत महिला सुमारे ३८ टक्के होत्या, तर खासगी क्षेत्रात केवळ १९ टक्क्यांच्या आसपास. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष दाव्याच्या व्याप्तीशी निगडित होता. एकाच पक्षकाराच्या प्रकरणात महिलांचे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते. पक्षकार वाढत गेले तसे ते घटत गेले आणि पाच किंवा अधिक पक्षकारांच्या प्रकरणांत २० टक्क्यांच्याही खाली आले. अनेक पक्षकारांचे दावे म्हणजे बहुधा मोठ्या रकमेचे दावे. थोडक्यात, ज्या दाव्यांसाठी वेगळे न्यायालय मागितले गेले, त्याच प्रकारच्या दाव्यांत स्त्रीचा आवाज सर्वांत क्षीण होता. हे सत्य व्यापारी वकिलांच्याच संघटनेने उजेडात आणले याचे श्रेय तिला द्यावेच लागेल.

पद्धतीच्या मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. प्रश्नावली भरणे न्यायाधीशांच्या इच्छेवर अवलंबून असल्यामुळे हा नमुना यादृच्छिक नव्हता. एकच वकील अनेक वेळा उभा राहिल्यास त्याची गणना अनेक वेळा झाली असणार. शिवाय मोजणी ‘किती’ हे सांगते, ‘का’ हे सांगत नाही. काम कोणाला द्यायचे हे फर्ममधील ज्येष्ठ भागीदार ठरवतात की अशील ठरवतो, प्रसूती व संगोपनाच्या वर्षांत किती जणी बाजूला पडतात, या कारणांचा छडा अशा प्रश्नावलीतून लागत नाही. तरीही निष्कर्षांची दिशा विविध न्यायालयांत इतकी सुसंगत आहे की या मर्यादांमुळे मूळ प्रतिपादनाला बाध येत नाही.

उपाय आणि त्यांचे बळ

अहवालाची खरी दुर्बलता उपायांच्या भागात आहे. फर्मनी महिला सहकाऱ्यांना न्यायालयात उभे राहण्याची संधी द्यावी, ज्या वकिलाने मसुदा लिहिला तिलाच युक्तिवाद करू देण्यास न्यायाधीशांनी प्रोत्साहन द्यावे, अशिलांनी आपल्या वकिलांच्या चमूत विविधतेचा आग्रह धरावा, असे हे उपाय आहेत. त्यांतील प्रत्येक उपाय योग्य आहे; पण प्रत्येकाचे क्रियापद विध्यर्थी आहे. ‘द्यावे’, ‘करावे’, ‘धरावा’. कोणत्याही फर्मने आपली आकडेवारी जाहीर करावी असे बंधन त्यात नाही आणि न केल्यास परिणाम काय, याचा उल्लेख नाही. हीच शाखा साक्षी दहापेक्षा अधिक नकोत अशा बंधनकारक नियमांच्या जगात वावरते. प्रतिपक्षाच्या वर्तनाला नियम हवा असे ज्यांना वाटते, त्यांना स्वतःच्या फर्मच्या वर्तनाला आवाहन पुरेसे वाटावे, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

न्यायाधीशांकडून काही प्रतिसाद मिळाला. ब्रुकलिन येथील संघराज्य न्यायालयाचे ज्येष्ठ न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी ऑगस्ट २०१७ मध्येच आपल्या न्यायालयाच्या नियमांत बदल करून कनिष्ठ वकिलांच्या युक्तिवादाचे स्वागत असल्याचे नमूद केले. त्यानंतर शाखेने पुन्हा मोजणी केली आणि २०२० मध्ये दुसरा अहवाल प्रसिद्ध केला. महिलांचे प्रमाण २५.२ टक्क्यांवरून २६.७ टक्क्यांवर आले होते. वाढ दीड टक्क्याची. आवाहनाचे बळ किती असते, याचे हे संघटनेनेच दिलेले माप आहे.

मात्र या दुसऱ्या मोजणीकडे अपयश म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. अहवाल प्रसिद्ध करून समाधान मानण्याऐवजी तीन वर्षांनी त्याच प्रश्नाकडे परत जाणे आणि निराशाजनक आकडा लपवून न ठेवणे ही संस्थात्मक प्रामाणिकपणाची खूण आहे. व्यावसायिक संघटनांच्या इतिहासात ती विरळ आढळते.

भारतीय संदर्भ

भारतात वाणिज्यिक न्यायालयांचा विचार वकिलांच्या संघटनेकडून नव्हे, तर विधी आयोगाकडून आला. २००३ मधील १८८ व्या अहवालात उच्च न्यायालयांत वाणिज्य विभाग स्थापन करण्याची शिफारस होती. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून काम केलेले न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आयोगाचे अध्यक्ष असताना जानेवारी २०१५ मध्ये २५३ वा अहवाल सादर झाला आणि त्याच वर्षी कायदा अस्तित्वात आला. प्रारंभी एक कोटी रुपये असलेली किमान मर्यादा २०१८ च्या दुरुस्तीने तीन लाखांवर आणली गेली. न्यूयॉर्कने दरवाजा अरुंद केला, आपण तो रुंद केला. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणचा लहान व्यापारीही या चौकटीत आला. परंतु लेखी कैफियतीसाठी १२० दिवसांची कठोर मुदत आणि तातडीचा दिलासा मागितलेला नसल्यास दाव्यापूर्वी अनिवार्य मध्यस्थी, हे नियमही त्याला लागू झाले. मोठ्या दाव्यांच्या मापाचे नियम लहान पक्षकाराला कसे बसतात, हा न्यूयॉर्कमध्ये २०२१-२२ साली उद्भवलेला प्रश्न आपल्याकडे कायद्याच्या एकाच दुरुस्तीने निर्माण झाला आहे.

या कायद्याच्या कलम १७ नुसार वाणिज्यिक दाव्यांची दाखल, प्रलंबित व निकाली अशी आकडेवारी ठेवून ती दरमहा अद्ययावत करणे व प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. मोजणीचे तत्त्व आपल्या विधिमंडळाने कायद्यातच लिहिले आहे, ही समाधानाची बाब होय. मात्र ही मोजणी दाव्यांची आहे. त्यांत बोलणाऱ्यांची नाही. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना कायद्याचे शिक्षण घेऊनही वकिलीच्या अधिकारासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना हा अधिकार मिळाला. त्याला शतक उलटून गेले. आज आपल्या वाणिज्यिक न्यायालयांत मुख्य युक्तिवाद करणाऱ्यांत स्त्रिया किती, मुंबईबाहेरील वकील किती, पहिल्या पिढीतील वकील किती, हे प्रश्न विचारण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. न्यायाधीशांच्या सहकार्याने आणि एका पानाच्या प्रश्नावलीने हे काम वकील संघटना करू शकतात. विधी व सामाजिक शास्त्रांची महाविद्यालये त्यात संशोधनाची बाजू सांभाळू शकतात.

समारोप

न्यूयॉर्कच्या व्यापारी वकिलांच्या संघटनेचे कार्य दोन टप्प्यांत पाहिले तर त्यातील प्रगती आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. १९९५ मध्ये तिने दिवस मोजले आणि न्यायालय वेगवान करून घेतले. २०१७ मध्ये तिने माणसे मोजली आणि त्या वेगवान न्यायालयांत कोणाला बोलू दिले जात नाही हे दाखवले. दुसरे काम अधिक कठीण होते, कारण त्यात दोषाचे बोट सभासदांकडेच वळत होते. पहिल्या अहवालाला दहा महिन्यांत न्यायालय मिळाले. दुसऱ्याला तीन वर्षांत दीड टक्का. संघटनेची इच्छा आणि सभासदांचे हित एकाच दिशेने वाहत असताना सुधारणा किती लवकर होते आणि ती दिशा बदलल्यावर किती संथ होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. व्यावसायिक संघटनांकडून सार्वजनिक हिताची अपेक्षा बाळगणे गैर नाही; पण ज्या ठिकाणी त्यांचे हित आड येते तेथे आवाहनावर न थांबता नियमाची मागणी करण्याचे धैर्य त्यांनी दाखवले की नाही, हीच त्यांच्या कार्याची अंतिम कसोटी राहील. ती कसोटी न्यूयॉर्कच्या वकिलांनी अद्याप पूर्ण केलेली नाही. आपल्याकडे तर पहिली मोजणीच व्हावयाची आहे.